सून सदस्य, मीटिंगला मुलगा

पत्र :

भाऊंना नमस्कार. मी बेळगाव तालुक्यातली, पश्चिम भागातली. सातवीतल्या नातीकडून लिहून घेतेय, चूकभूल माफ करा. ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डात या वेळी बायकांची जागा आली. गल्लीतली मंडळी, महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते घरी आले आणि सुनेला उभं करा म्हणाले. सून बारावी झालीय, घरी शिलाई मशीन चालवते, चार बायकांत बोलून-चालून असते. निवडून आली. गुलाल झाला, फटाके झाले, जोतिबाला जाऊन आलो. आता मीटिंगला माझा मुलगाच जातो. म्हणतो, तिला काय कळतंय, सगळं कन्नडात असतंय. पीडीओसाहेबांचा, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांचा, फोनही त्यालाच. शिपाई वही घेऊन घरी येतो, सून मशीनवरचं उठून सही करते आणि परत बसते. परवा चार दिवस नळाला पाणी नव्हतं तर बायका घागरी घेऊन आमच्या दारात आल्या आणि तिलाच बोलल्या. रात्री ती रडली. मला म्हणाली, ‘आत्ती, मी या कामाची नव्हेच, राजीनामा देते.’ मुलगा म्हणतो, राजीनामा दिलास तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मला विचारायचंय ते असं : निवडून येणाऱ्यांची आधी काही तयारी करून घेतात काय? तयारी नसलेल्या माणसानं तिथं बसावं काय? आणि मुलगा तिच्या बदली जातो ते चुकीचं आहे काय? त्याचा ट्रॅक्टर आहे. पंचायतीच्या रस्त्यावर मुरूम टाकायचं काम त्याला मिळालंय, दुसऱ्याच्या नावावर. घरात दोन पैसे येतात म्हणून मीही जास्त बोलत नाही.
– एक सासू

उत्तर :

अक्का, नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि शेवटी ट्रॅक्टरचं सहज लिहून गेलात. मला खरी काळजी त्या ट्रॅक्टरची वाटली. तिकडे शेवटी येतो, आधी तुमचे प्रश्न.

निवडणुकीआधी कुणी कसलीही तयारी करून घेत नाही. वय 21 पूर्ण हवं, मतदार यादीत नाव हवं, अनामत भरायची आणि वॉर्डाचं आरक्षण जुळायला हवं. कर्नाटकात ग्रामपंचायतीला उभं राहायला साधारण एवढं पुरतं. शिक्षणाची अट नाही. हरियाणाने 2015 मध्ये ती घातली होती. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला दहावी, बाईला आठवी. सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी ती उचलून धरली. राजस्थानानेही असाच नियम आणला आणि 2019 मध्ये मागे घेतला. आपल्याकडे अट नाही तेच बरं आहे, असं माझं मत. मी पंचायतीत सेक्रेटरी म्हणून नोकरी केली. पाच वर्षांत एकदाही विषयपत्रिका शेवटपर्यंत न वाचणारे पदवीधर सदस्य मी पाहिलेत. आणि अंगठा उठवणारी एक म्हातारी पाहिलीय. जमा-खर्च वाचून झाला की ती म्हणायची, ‘ते मोटारीचं परत वाचा.’ पाण्याची मोटार रिवाइंडिंगला गेल्याचं बिल एकाच महिन्यात दोनदा लागलं होतं, आणि त्या महिन्यात नळ एकदाच बंद होता, हे तिला स्वतःच्या घागरीवरून ठाऊक होतं. तिच्यापुढे खर्च वाचताना आमचा आवाज आपोआप स्वच्छ व्हायचा.

निवडून आल्यावर मात्र प्रशिक्षण असतं. त्याची राज्यातली मोठी संस्था म्हैसूरला आहे, अब्दुल नझीर साब यांच्या नावाची. रामकृष्ण हेगडे यांच्या सरकारात ते ग्रामविकास मंत्री होते. खेड्यापाड्यांत इतक्या बोअर मारल्या की लोक त्यांना ‘नीर साब’ म्हणायचे. मंडल पंचायती आणि जिल्हा परिषदांचा 1983 चा कायदा त्यांच्याच आग्रहातून झाला. 1987 च्या निवडणुकीत बायकांना 25 टक्के जागा मिळाल्या. दिल्लीत पंचायतींना घटनेत जागा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती व्हायची होती तेव्हाची ही गोष्ट. आज कर्नाटकात ते आरक्षण 50 टक्के आहे. म्हणजे तुमची सून कुणाच्या मेहरबानीने तिथे गेलेली नाही, हे घरात एकदा मोठ्याने बोला.

पण त्या संस्थेकडून येणारं प्रशिक्षण असतं कन्नडमधून. तालुक्याला दिवसभर बसवतात, पडद्यावर दाखवतात, जेवण देतात, पिशवीतून पुस्तक देतात. आपल्या भागातले सदस्य माना हलवतात, जेवतात आणि संध्याकाळच्या बसने गावी येतात. पुस्तक माळ्यावर जातं. यात सदस्यांचा दोष मी थोडाच धरतो. दोष धरतो तो तुमच्या दारात येऊन ‘सुनेला उभं करा’ म्हणणाऱ्यांचा. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पण पॅनेल कुणाचं हे शेंबड्या पोराला माहीत असतं. समिती असो की राष्ट्रीय पक्ष, उमेदवार शोधायला, पोस्टर छापायला, मतदानादिवशी गाड्या फिरवायला यांच्याकडे माणसं असतात. निकालानंतर त्याच पोरीला चार रविवार बसवून मराठीतून कायदा समजावून सांगायला कुणी मोकळं नसतं. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला आणि 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना वंदन करायला जमणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, वकील, बँकवाले कितीतरी असतात. त्यांनी मनावर घेतलं तर पश्चिम भागातल्या सगळ्या नव्या सदस्यांचा वर्ग एका शाळेत भरू शकतो. हे मी पूर्वीही लिहिलंय. ज्यांनी मनावर घ्यायचं ते मला लग्नात भेटतात आणि ‘छान लिहिता’ म्हणतात.

शहरातलं काही वेगळं आहे असं समजू नका. बेळगाव महापालिकेच्या 58 जागांची निवडणूक सप्टेंबर 2021 मध्ये झाली आणि महापौर निवडला गेला फेब्रुवारी 2023 मध्ये. मधल्या जवळपास दीड वर्षात निवडून आलेले नगरसेवक नुसते थांबून होते. शिकून घ्यायला याहून निवांत वेळ कुणाला मिळणार? तेवढ्या वेळात कितीजण बजेट वाचायला शिकले, हे त्यांचं त्यांना माहीत.

आता तुमच्या मुलाचं. राग मानू नका. तो म्हणतो तिला काय कळतंय. कन्नड कायदा त्याला तरी वाचता येतो काय? एस्टिमेट कसं बघायचं हे त्याला कुणी शिकवलंय? नसेल, तर तो तिच्याइतकाच कोरा आहे. त्याला ते जाणवत नाही आणि तिला जाणवतं, एवढाच दोघांतला फरक. आणि ज्याला जाणवतं ते माणूस शिकतं, हे मी नोकरीत कितीदा तरी पाहिलं.

कायद्याने बघाल तर सभेत बसायचा, बोलायचा, मत द्यायचा हक्क निवडून आलेल्या सदस्याचा आहे. नवऱ्याचा नाही, सासऱ्याचा नाही, दिराचा नाही. हा ‘पती कारभार’ देशभर इतका बोकाळलाय की केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाला 2023 मध्ये त्यावर समिती नेमावी लागली. सुनेच्या नावापुढे तुमच्या मुलाने कधी स्वतः सही केली असेल, तर ती खोटी सही होते. उद्या चौकशी लागली तर कागदावर नाव तिचं असणार. तुमचा मुलगा त्या दिवशी दाराबाहेर बाकावर बसलेला असेल.

शिपाई वही घेऊन घरी येतो, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. अक्का, त्या वहीत काय असतं ते जरा सविस्तर सांगतो, सुनेलाही वाचून दाखवा.

सभेची नोटीस येते. तिच्यावर विषय लिहिलेले असतात. मागच्या सभेचं वृत्त वाचून कायम करणं, जमा-खर्च, आलेली पत्रं, मग कामं, घरांचे लाभार्थी वगैरे. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ असते : अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय. बऱ्याच ठिकाणी खरी सभा या शेवटच्या ओळीत असते. वरचे विषय चहा येईपर्यंत आटोपतात, शेवटच्या ओळीत कुणाचा तरी लेआउट, कुणाचं तरी दुकान, कुणाचं तरी बिल येतं, तोवर अर्धे सदस्य चपला शोधत असतात. हजेरीची सही मात्र सगळ्यांनी सुरुवातीलाच केलेली असते. मग पुढे ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं जातं, आणि हजेरीत जे आहेत ते सगळे त्या सर्वानुमतात आले. जो सदस्य विरोध बोलतो पण लिहून घ्यायला लावत नाही, त्याचा विरोध भिंतींनी ऐकला एवढंच.

त्यामुळे पुढच्या मीटिंगला सून स्वतः जाईल. पहिल्या दिवशी तिने भाषण करायचं नाही. नोटिशीवरचे विषय घरी वहीत मराठीत उतरवून न्यायचे, एकेका विषयापुढे दोन बोटं जागा सोडून. विषय निघाला की विचारायचं, ‘साहेब, हे जरा मराठीत सांगा.’ आपल्या भागातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना मराठी बोलता येतं. नाही येत म्हणणाऱ्यालाही बाजारात येतं. जे सांगतील ते त्या दोन बोटं जागेत लिहायचं. रक्कम आली की रक्कम लिहायची. सही करायची ती समोर बसून, आणि ठराव जिथे संपतो त्याखाली कोरी जागा किती सोडलीय ते बघून. जास्त कोरी जागा दिसली तर तिथे आडवी रेघ मारायला सांगायची. ही एक रेघ मागणारी सदस्य असली की कार्यालयाला कळतं, ही वेगळी आहे. पटलं नाही तर ‘माझी असहमती लिहा’ एवढं म्हणायचं आणि लिहिलेलं बघून उठायचं. घरी आलेल्या वहीवर इथून पुढे सही नाही. ‘मी कार्यालयात येऊन करते’ हे शिपायाला तुम्ही सांगितलंत तरी चालेल. सासू दारात उभी राहून सांगते तेव्हा शिपाई वाद घालत नाही.

कार्यालयाची बाजूही सांगतो, नाहीतर मी एकांगी ठरेन. कित्येक पीडीओंकडे दोन-दोन पंचायतींचा चार्ज असतो. सकाळी एका ठिकाणी, दुपारी दुसऱ्या, मध्येच तालुका पंचायतीची बैठक, वर संध्याकाळपर्यंत ऑनलाइन माहिती भरा म्हणून फोन. तो तुमच्या मुलाला फोन करतो कारण मुलगा पहिल्या रिंगला उचलतो. सुनेचा नंबर कार्यालयात लिहून द्या, आणि फोन आला की तिनेच उचलायचा. पीडीओला बोलणारा सदस्य मिळाला तर त्याचंही काम सोपं होतं. सगळेच काही लबाड नसतात. मी तरी बऱ्याच चांगल्यांसोबत काम केलंय.

आता कन्नडचं, कारण मुलाचं सगळं घोडं तिथेच अडलंय. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आपल्याला मराठीतून कागद मिळायला हवेत ही मागणी जुनी आहे आणि तिला आधार आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं 1956 पासूनच्या केंद्राच्या संरक्षणांत आहे. घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, म्हणजे सुनेने पंचायतीला मराठीत अर्ज दिला तर ‘कन्नडात आणा’ म्हणून परत करणं बरोबर नाही. अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. ही लढाई चालू राहील, राहावी. पण मंगळवारच्या मीटिंगमधलं मुरमाचं बिल त्या निकालासाठी थांबत नसतं. तोवर सुनेने कन्नड वाचायला शिकावं. बोलायला ती बाजारात थोडंफार शिकलेली असणारच. लिपी पाहून घाबरू नका, क-ख-ग-घ चा क्रम तोच आहे, अक्षरं फक्त गोल आहेत. आकडे तर इंग्रजी अंकांतच असतात. पंचायतीच्या कागदावर पुन्हा पुन्हा येणारे शब्द पंचवीस-तीस असतील. ठरावु, कामगारी, क्रिया योजने, जमा-खर्चु, हाजरी, अनुमोदने. तेवढे ओळखता आले तरी कुठल्या पानावर काय आहे ते समजतं. तुमची नात मराठी शाळेत असली तरी तिला कन्नड विषय आहे. रोज रात्री ती सुनेला अर्धा तास शिकवेल. कन्नड वाचायला आलं म्हणून कुणी मराठीपणाला मुकत नाही. उलट मराठी वॉर्डाचं नुकसान कुठल्या कागदाने झालं, हे तेव्हा कळायला लागतं.

पाण्याचं बोलू. घागरी घेऊन आलेल्या बायका तिला बोलल्या, ते सुनेने मनाला लावून घेऊ नये. त्यांनी ज्याला मत दिलं त्याच्या दारात त्या आल्या, यापेक्षा चांगलं काय हवं? मुलाकडे तर आल्या नाहीत. पण सदस्याच्या हातात काय आहे ते तिला आणि त्यांना, दोघांनाही कळायला हवं. मोटार चालू करणं वॉटरमनच्या हातात. दुरुस्तीचा खर्च पीडीओ-अध्यक्षांच्या सहीने होतो. एकटा सदस्य हुकूम काढू शकत नाही. साधारण 400 लोकसंख्येमागे एक याप्रमाणे सदस्य निवडलेले असतात, आणि अधिकार सगळ्यांचा मिळून, ठरावातून असतो. तिच्या हातात आहे ते विचारणं. मोटार कधी बिघडली, कुणाकडे दिली, मागच्या वर्षात कितीदा दिली, दरवेळी किती बिल, स्टार्टर नवा घेतला तर जुना कुठे आहे. हे प्रश्न कागदावर लिहून मीटिंगमध्ये ठेवायचे. उत्तर मिळालं की ते त्या बायकांना सांगायचं, वॉर्ड सभेत सांगितलं तर आणखी बरं.

पाण्याला पैसा नाही असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नये. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानात 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती, 40 टक्के मोकळी. म्हणजे पाण्याला ठेवलेला पैसा कमानीला किंवा कट्ट्याला वळवायला परवानगी नव्हती. तुमच्या पंचायतीत त्या बांधलेल्या पैशातून काय काय झालं, त्याची यादी मागायची. गेल्या काही वर्षांत घरोघरी नळाच्या योजनेसाठी गल्लीगल्लीत रस्ते खोदले गेले. पाइप किती खोल टाकला, टाकीला जोडला की नुसताच पुरला, आणि खोदलेला काँक्रीट रस्ता पुन्हा कोण करणार, हे विचारणारा सदस्य सगळ्यात गरजेचा.

आणि वॉर्ड सभा. अक्का, पंचायतीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. कामांची यादी आणि घरं मिळणाऱ्यांची नावं खालून यायची असतात. वॉर्ड सभेतून ग्रामसभेत, ग्रामसभेतून पंचायतीत. होतं काय, तर वॉर्ड सभा कागदावर होते आणि ग्रामसभेला पन्नास खुर्च्यांवर वीस माणसं. तुमच्या सुनेकडे दिवसभरात ब्लाउज टाकायला, फॉल-पिको करायला बायका येतात. तिच्याएवढा वॉर्ड कुणाला माहीत असणार? कुणाचं घर पडायला आलंय, कुणाचा संडास नुसता बांधून ठेवलाय, कुणाची पेन्शन अडकलीय, हे तिच्या मशीनजवळ रोज बोललं जातं. वही तिथेच ठेवायची आणि लिहीत जायचं. वॉर्ड सभेच्या दिवशी त्याच बायकांना बोलवायचं. ज्या बायका घागरी घेऊन दारात येतात त्या सभेलाही येतील.

मोजमापाचं तर तिला वेगळं शिकवायलाच नको. आपल्या वॉर्डातल्या गटाराचं काम झालं की कार्यालयात मेजरमेंट बुक असतं, त्याला एम.बी. म्हणतात. इंजिनिअरने केलेली मापं त्यात असतात : लांबी, रुंदी, खोली. बिल त्या मापांवर निघतं. शिलाईची टेप साठ इंचांची, ती गटाराला पुरणार नाही. हार्डवेअरच्या दुकानात तीस मीटरची मिळते. एका सकाळी नातीला टेपचं दुसरं टोक धरायला लावायचं आणि मोजून यायचं. कुणावर आरोप करायचा नाही. एम.बी.तला आकडा आणि आपला आकडा शेजारी शेजारी लिहून मीटिंगमध्ये ‘हे जरा समजावून सांगा’ म्हणायचं. बऱ्याचदा खरंच समजावून सांगण्यासारखं असतं, जसं की एक तुकडा पुढच्या वॉर्डात धरलेला असतो. आणि कधी कधी समोरच्याला घाम फुटतो. वर्षातून एकदा जमाबंदी होते, बाहेरचा अधिकारी येऊन वर्षाचा हिशेब आणि झालेली कामं लोकांसमोर तपासतो. त्या दिवशी हाच कागद घेऊन उभं राहायचं. नुसती तोंडी विचारणा करून कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार आहेच, दहा रुपये आणि तीस दिवस. पण आपल्याच कार्यालयावर तो पहिल्या महिन्यात वापरू नये, पुढची साडेचार वर्षं तिथेच बसायचंय.

राजीनाम्याचं म्हणाल तर, आत्ता देऊ नये. लाजेचा प्रश्नच नाही, मुलाने उगाच घराची अब्रू मध्ये आणलीय. तिने राजीनामा दिला तर पोटनिवडणूक होईल, जागा बाईचीच राहील आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरी शिपाई वही घेऊन जाईल. सहा सभांना तिने स्वतः बसावं. त्यानंतरही तिला वाटलं की हे आपलं काम नव्हे, तर खुशाल द्यावा. तेव्हा तो तिचा निर्णय असेल. आत्ता देईल तो तुमच्या मुलाच्या कारभाराचा राजीनामा होईल, सही फक्त तिची. आणखी एक लक्षात ठेवा, अध्यक्षपद 30 महिन्यांचं असतं. पुढच्या पाळीला ते बाईच्या वाट्याला आलं तर गावाच्या नजरा तुमच्या दाराकडे वळतील. अध्यक्षाची सही चेकवर असते, हल्ली डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावून डिजिटल सही करायच्या पेन ड्राइव्हसारख्या वस्तूवर. ते डोंगल अध्यक्षांच्या हातात सोडून बाकी सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये असलेल्या पंचायती मी पाहिल्यात. तोवर ती तयार झालेली असली पाहिजे.

तुमच्याकडूनही थोडं लागेल. मीटिंग अकराला असली तर त्या दिवशी स्वयंपाक आणि पोरांचं तुम्ही बघा. गिऱ्हाइकाला ‘आज शिलाई बंद’ असं सांगायचं. पहिल्या एक-दोन वेळा तुम्ही तिच्यासोबत पंचायतीपर्यंत चालत जा, बाहेर बसा. मुलाला सोडायला यायचं असेल तर येऊ द्या, गेटपर्यंत.

आता ट्रॅक्टर.

पंचायतीने दिलेल्या कामात सदस्याचा स्वतःचा किंवा आडून हिस्सा असला तर सदस्यत्व जाऊ शकतं. ‘दुसऱ्याच्या नावावर’ हे तुम्ही सुटकेचा मार्ग म्हणून लिहिलंय, चौकशीत तीच पहिली ओळ असते. मुरूम कुणाच्या ट्रॅक्टरने पडला हे गावाला माहीत आहे. म्हणजे निवडणुकीत पडलेल्या उमेदवारालाही माहीत आहे, आणि तो सध्या गप्प आहे कारण त्याला घाई नाही. शिवाय मला एक शंका येते, चुकीची निघो. मुलगा मीटिंगला जातो ते बायकोला कन्नड येत नाही म्हणून की बिल निघायला हवं म्हणून? आणि त्या बिलाचा ठराव ज्या वहीत आहे, ती वही घरी सहीला आली तेव्हा सुनेने कशावर सही केली, हे तिला माहीत आहे काय? पहिलं काम हे करा. तिने कार्यालयात जाऊन मागच्या सगळ्या सभांचे ठराव बघावेत, त्या मुरमाच्या ठरावाची तारीख आणि रक्कम लिहून आणावी. मुलाशी बोलायचं ते त्यानंतर, तुम्ही तिघांनी बसून, कागद समोर ठेवून. त्याला म्हणावं, ट्रॅक्टरला भाताच्या मळणीपासून उसापर्यंत शंभर कामं आहेत, हे एक सोड. बिल अजून निघालेलं नसेल तर काम आजच थांबवायला सांगा. निघालं असेल तर बेळगावात एखादा वकील गाठा, सुनेला सोबत न्या, आणि तो वकील पंचायतीतल्या कुणाच्या पाहुण्यांतला नाही ना, तेवढं आधी विचारून घ्या.